एक्सएफएलआर-५ : बंद पडलेल्या विंड टनेलवरचा फुकट उतारा

आमच्या कॉलेजातल्या विंड टनेलच्या तोंडाला गेली सात वर्षं हिरवं नायलॉनचं जाळं बांधलेलं आहे. आत कबुतरं शिरू नयेत म्हणून. टनेल तसा छोटाच, टेस्ट सेक्शन (पंखाचा तुकडा वाऱ्यात धरायची जागा) ३० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटर. पंखा फिरतो, हवा वाहते, पण लिफ्ट (वर उचलणारा जोर) आणि ड्रॅग (मागे खेचणारा जोर) मोजणारा बॅलन्स बिघडलाय. दुरुस्तीचं कोटेशन दर मार्चमध्ये फायलीतून वर जातं आणि एप्रिलमध्ये शेरा घेऊन खाली येतं. एरोनॉटिकलच्या तिसऱ्या वर्षाला मात्र एरोडायनॅमिक्सचं प्रॅक्टिकल चुकत नाही. जर्नल लिहून घ्यायचं असतं, बाहेरचे परीक्षक येणार असतात. तेव्हा मी एक्सएफएलआर-५ कडे वळले ती हौसेनं नाही, नाइलाजानं. त्यालाही आता सहा वर्षं झाली. दोन-तीन प्राध्यापक मित्रांनी विचारलं, 'वापरावं का?' म्हणून हे सविस्तर लिहितेय.

हे मॉडेल विमानांचे, त्यातही मॉडेल ग्लायडरचे पंख आणि शेपटी डिझाइन करायचं सॉफ्टवेअर. आंद्रे देपेरुआ यांनी लिहिलेलं, मुक्त स्रोत, एक पैसा पडत नाही. विंडोजसाठी सोर्सफोर्जवरून झिप उतरवायची, उघडायची, आतल्या फाइलवर डबल क्लिक करायचं. इन्स्टॉल करायला ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही. या एका वाक्याची किंमत, लॅब असिस्टंटच्या मागे पासवर्डसाठी ज्यांनी चपला झिजवल्यात त्यांनाच कळेल. आमच्या लॅबमधले चार जीबी रॅमचे म्हातारे संगणकही ते विनातक्रार चालवतात.

पोटात इंजिन आहे एक्सफॉइलचं, म्हणजे एअरफॉइलचं (पंखाच्या आडव्या छेदाचं) गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरचं. ते मार्क ड्रेला यांनी एमआयटीत १९८० च्या दशकात लिहिलं, डीडलस नावाच्या मानवचलित विमानाच्या प्रकल्पासाठी. २३ एप्रिल १९८८ ला कानेल्लोस कानेल्लोपूलोस हा ग्रीक सायकलपटू पायडल मारत ते विमान क्रीट बेटावरून सांतोरिनीपर्यंत घेऊन गेला. ११५ किलोमीटर, ३ तास ५४ मिनिटं. किनारा अगदी हाताशी आला आणि वाऱ्याच्या झोतानं शेपटीचा दांडा मोडून विमान पाण्यात बसलं. ही गोष्ट मी पहिल्याच तासाला सांगते, आणि ती केवळ वर्ग जागा ठेवायला नाही. माणसाच्या पायांच्या ताकदीवर उडणारं विमान हळूच उडणार, आणि हळू उडणाऱ्या पंखावरची हवा वेगळी वागते. पाठ्यपुस्तकाच्या मागे छापलेले नाकाचे (NACA, नासाच्या आधीची अमेरिकी संस्था) जुने आलेख रेनॉल्ड्स नंबर (पंखाचा वेग आणि रुंदी यांवरून निघणारा, हवा कशी वागेल ते सांगणारा आकडा) ३० लाख, ६० लाख, ९० लाखांचे. मुलांचं थर्माकोलचं विमान उडतं दीड लाखाच्या आसपास. पुस्तकातला आलेख त्याला लावणं म्हणजे हत्तीचं माप घेऊन मांजराला झूल शिवणं.

नाका हा शब्द आला तर सांगून टाकते. 'नाका २४१२ घ्या' म्हटलं की मागच्या बाकावरून 'मॅडम, टोल किती?' हे येतंच. सहा वर्षांत एक बॅच चुकलेली नाही. मग मी म्हणते, टोल आकड्यांतच लिहिलाय: २ म्हणजे कॉर्डच्या (पंखाच्या पुढून मागेपर्यंतच्या रुंदीच्या) २ टक्के कॅम्बर (बाक), ४ म्हणजे तो ४० टक्क्यांवर, १२ म्हणजे १२ टक्के जाडी. सॉफ्टवेअरमध्ये हे चार आकडे टाकले की समोर एअरफॉइल उमटतं. कॅम्बर २ चा ४ करायचा, ६ करायचा, पोलर (कोणत्या कोनाला किती लिफ्ट, किती ड्रॅग त्याचा आलेख) कसं सरकतं ते डोळ्यांनी बघायचं. फळ्यावर हे करायला माझा अख्खा तास जायचा आणि आकृती तरी वाकडीच यायची.

पण मी हे सॉफ्टवेअर टिकवलं ते याच्यामुळे नाही. ते उत्तर द्यायला नकार देतं म्हणून टिकवलं.

मागच्या वर्षी चार जणांचा एक ग्रुप होता. त्यांचं विमान असं: पंखांची लांबी १.४ मीटर, मुळाशी कॉर्ड २४ सेंटिमीटर, टोकाला १०, वजन १.२ किलो, वेग सेकंदाला १२ मीटर. नाका २४१२ चे पोलर त्यांनी आधी काढून ठेवले होते, रेनॉल्ड्स एक लाखापासून तीन लाखांपर्यंत. मग पंख बनवला, ॲनालिसिसचं बटण दाबलं, आणि लॉगच्या खिडकीत ओळींमागून ओळी पडायला लागल्या. स्पॅन पोझिशन अमुक, रेनॉल्ड्स तमुक, 'कुड नॉट बी इंटरपोलेटेड', म्हणजे दिलेल्या पोलरमधून इथला आकडा काढता येत नाही.

"मॅडम, एरर देतंय."

"कुठे?"

"सगळीकडे."

"सगळीकडे नाही. पहिली ओळ मोठ्यानं वाच."

त्यानं वाचली. मुळापासून ६९० मिलिमीटरच्या आसपासची जागा होती. अर्धा पंख ७०० चा. म्हणजे टोक. "टोकाला कॉर्ड किती?" दहा. "मग रेनॉल्ड्स काढ की." कॅल्क्युलेटर निघाला. १२ गुणिले ०.१, भागिले ०.००००१५. आले ८० हजार. "आणि तुमचे पोलर सुरू कुठून होतात?" यावर तो काहीच बोलला नाही. शेजारची मुलगी, जी एरवी वर्गात तोंड उघडत नाही, ती म्हणाली, "म्हणजे मॅडम, एकाच पंखाला दोन-दोन रेनॉल्ड्स नंबर?"

दोन कशाला, मुळापासून टोकापर्यंत प्रत्येक इंचाला वेगळा. हे वाक्य मी चौदा वर्षं फळ्यासमोर उभी राहून बोलतेय आणि मुलं चौदा वर्षं ते वहीत उतरवून घेताहेत. कळलं ते त्या एररमुळे. विंड टनेल सुरू असता तरी कळलं नसतं, कारण त्यात आम्ही ठेवायचो तो पंखाचा तुकडा इथून तिथून एकाच रुंदीचा.

आता दुसरी बाजू. त्याच आठवड्यात दुसरा ग्रुप जर्नल घेऊन आला. एकही एरर नाही, गुळगुळीत आलेख, लिफ्ट-ड्रॅगचं गुणोत्तर ४४. चव्वेचाळीस! पंधरा मीटर लांब पंखांची, स्पर्धेत उतरणारी काचतंतूची ग्लायडरं या घरात असतात. यांचं विमान थर्माकोलचं, वर ब्राऊन टेप. मी विचारलं, काय केलंत? बराच वेळ 'काही नाही मॅडम' झालं. शेवटी कळलं की एरर घालवायला त्यांनी 'व्हिस्कस' या चौकटीतली खूणच काढून टाकली होती. सॉफ्टवेअर बिचारं मुकाट चाललं. हवेला चिकटपणाच नाही म्हटल्यावर घर्षण कसलं आणि पोलर हवेत कशाला! उरला फक्त टोकांच्या भोवऱ्यांमुळे येणारा ड्रॅग. तो फळ्यावरही निघतो: लिफ्ट कोइफिशंट (लिफ्टचा गुणांक) ०.५६, त्याचा वर्ग, भागिले पाय (π) गुणिले आस्पेक्ट रेशो (पंखांची लांबी भागिले सरासरी रुंदी) ८.२. साधारण ०.०१२. ०.५६ ला त्यानं भागलं की चव्वेचाळीसच्या आसपासच येतं. म्हणजे सॉफ्टवेअर खोटं बोललं नव्हतं. विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं होतं, प्रश्न बावळट होता. खूण परत केली तेव्हा पंखाचा आकडा २२ वर आला. नंतर मैदानावर मोटर बंद करून ते विमान तरंगत उतरवलं तेव्हा सात-आठच्या वर काही गेलं नाही. बॉडी, चाकं, सर्व्होच्या (सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटरींच्या) बाहेर आलेल्या तारा, सगळे आपापला हिस्सा खातात.

तेव्हापासून माझा नियम: ४४, २२ आणि ८ हे तिन्ही आकडे जर्नलमध्ये शेजारी शेजारी लिहायचे आणि मधली गळती कुठे झाली ते सांगायचं. तोंडीला मी तेवढंच विचारते.

सॉफ्टवेअरच्या मर्यादा लेखकानं स्वतःच लिहून ठेवल्यात. हे मॉडेल ग्लायडरसाठी आहे, माणूस बसणारं विमान यावर डिझाइन करू नका, असं त्याच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट बजावलंय. बॉडी काढायची सोय आहे, पण तीही हिशोबात धरू नका असाच सल्ला आहे. मुलं अर्थात बॉडीच आधी काढतात, कारण थ्रीडी चित्रात विमान विमानासारखं दिसलं पाहिजे. प्रोपेलरचा झोत धरला जात नाही. स्टॉलच्या (कोन फार वाढून लिफ्ट ढासळते त्या क्षणाच्या) जवळ तर आकड्यांवर भरवसा ठेवूच नये. पंखाचं गणित बहुतांशी सरळ रेषेचं (कोन वाढला की लिफ्ट वाढतच जाते असं धरणारं), ते हवा पंखावरून सुटली हे आपण होऊन सांगत नाही. पोलर संपले की फक्त गप्प बसतं. उतरताना विमान किती हळू आणता येईल हा प्रश्न त्याला विचारू नका, मैदानाला विचारा.

एनक्रिट नावाचा एक आकडा असतो, हवा किती शांत आहे ते सांगणारा. आपोआप येतो तो ९, म्हणजे सरासरी विंड टनेल. एक्सफॉइलच्या मूळ माहितीपत्रकात ग्लायडरला १२ ते १४ आणि 'घाणेरड्या विंड टनेल'ला ४ ते ८ असं दिलंय. आमच्या टनेलचा एनक्रिट किती, असं एका मुलानं अत्यंत गंभीर चेहऱ्यानं विचारलं होतं. मी कबुतरांना विचारून सांगते म्हटलं.

समतोलाचा भाग मात्र मला मनापासून आवडतो. बॅटरी, मोटर, सर्व्हो, प्रत्येकाचं वजन आणि जागा भरायची, सॉफ्टवेअर गुरुत्वमध्य काढून देतं. मग पिचिंग मोमेंट (नाक वर-खाली वळवणारा जोर) विरुद्ध पंखाचा वाऱ्याशी कोन असा आलेख. रेघ डावीकडून उजवीकडे उतरती असेल तर विमान स्वतःला सावरतं, चढती असेल तर नाक एकदा वर गेलं की जातच राहतं. मी मुलांना गुरुत्वमध्य अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरनं मागे न्यायला लावते. रेघ हळूहळू कलते आणि एका ठिकाणी आडवी पडते. तोच न्यूट्रल पॉइंट. लॅबमध्ये 'मॅडम, आडवी झाली!' असा ओरडा ऐकू येतो तेव्हा शेजारच्या कॅड लॅबवाले डोकावून जातात. त्या जागेपासून सरासरी कॉर्डच्या दहा टक्के पुढे, म्हणजे मघाच्या १.४ मीटरच्या विमानाला पावणेदोन-दोन सेंटिमीटर, गुरुत्वमध्य आणायचा. त्यासाठी १८० ग्रॅमची बॅटरी नाकात किती सरकवायची ते त्रैराशिक आहे, सातवीतलं. तरी एका ग्रुपनं उडवायच्या दिवशी बॅटरी मागे बांधली, कारण पुढच्या खोबणीत ती बसेना. विमान हातातून सुटलं, सरळ आभाळाकडे तोंड करून क्षणभर थांबलं आणि शेपटीवर बसलं. थर्माकोलचे दाणे आम्ही संध्याकाळपर्यंत गवतातून वेचत होतो.

एअरफॉइल निवडताना मुलांना आवरावं लागतं. अर्बाना-शॅम्पेनच्या इलिनॉय विद्यापीठाच्या संग्रहात सोळाशेच्या आसपास एअरफॉइल आहेत, फाइल उतरवून थेट यात उघडता येतात. पण मॉडेल विमानांच्या स्पर्धेचे जुने रिपोर्ट वाचून आलेला प्रत्येक ग्रुप एस १२२३ च मागतो. लिफ्ट कोइफिशंट दोनच्या वर जातो ना! सॉफ्टवेअर ते सुंदर दाखवतंही. पण त्याची मागची कड कागदासारखी पातळ आणि खालून खोलगट. हॉट वायरनं थर्माकोल कापताना तार तिथे क्षणभर रेंगाळली की कड वितळून जाते. मग मुलं दोन सेंटिमीटर छाटतात, टेप लावतात, आणि राहतं ते एस १२२३ नव्हे, भलतंच काहीतरी. असं कापलेलं एक एअरफॉइल मी स्कॅन करून परत सॉफ्टवेअरमध्ये घालायला लावलं होतं. त्या दिवसानंतर त्या ग्रुपनं निमूटपणे क्लार्क-वाय हे साधं एअरफॉइल घेतलं.

रंगीत चित्रांची हौस असलेल्यांना हे फिकं वाटेल. आमचे काही सहकारी मुलांना थेट मोठ्या सीएफडी (हवेच्या प्रवाहाचं संगणकी गणित करणाऱ्या) पॅकेजवर बसवतात. मेश (हिशोबासाठी हवेचे बारीक तुकडे पाडणारी जाळी) बनवण्यात दोन आठवडे, रात्रभर गणित, सकाळी लाल-निळं चित्र. चित्र छान येतं. पण उत्तर चुकलं तर का चुकलं हे ना मुलाला सांगता येत, ना बऱ्याचदा सरांना. इथे एक फेरी काही सेकंदांत होते, त्यामुळे मुलं एका प्रॅक्टिकलमध्ये तीस वेळा चुकू शकतात.

पाचपैकी चार. एक गुण कापला तो पहिल्या भेटीतल्या अनुभवासाठी: मेनू कुठून सुरू करायचा ते कळत नाही, शब्द सगळे जाणकारांसाठीचे, आणि मराठी माध्यमातून आलेली मुलं पहिल्या तासाला बावरतात. त्यांच्यासाठी मी चार पानांची मराठी टिपणं करून ठेवलीत. टिपणांत नसलेली एक गोष्ट माझ्या पेन ड्राइव्हवर आहे: नाका २४१२ चे, रेनॉल्ड्स ४० हजारांपासून ५ लाखांपर्यंतचे तयार पोलर. ते घातले की टोकाची ती एरर येत नाही. कुणाला हवे असतील तर खुशाल मागा. माझ्या मुलांना मी ते तिसऱ्या प्रॅक्टिकलनंतरच देते.