इन-सेशनल इंग्रजी, दोन सत्रांनंतर: कोर्स चांगला, पण आर्टिकलची खूण बदला

इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात पदवीच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या इन-सेशनल इंग्रजीबद्दल, म्हणजे सत्र चालू असताना शिकवल्या जाणाऱ्या इंग्रजीच्या कोर्सबद्दल, हे लिहितोय. वापर ऑक्टोबर ते मार्च. आठवड्याला दोन तास वर्ग, आणि वेळ आधी ठरवून शिक्षकांशी समोरासमोर भेट. प्री-सेशनलसाठी, म्हणजे सत्राआधीच्या कोर्ससाठी, उन्हाळ्यात वेगळे पौंड मोजावे लागतात, इन-सेशनल मात्र ट्यूशन फीमध्येच येतो. क्रेडिट नाही, हजेरीची सक्ती नाही, त्यामुळे आपली बरीच मुलं तिकडे फिरकत नाहीत. बारावीच्या इंग्रजीच्या गुणांवर ज्यांची आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा माफ झाली, ती तर नाहीतच. एवढी फी भरायची आणि त्यातलीच हक्काची गोष्ट सोडून द्यायची, हे मला अजिबात पटत नाही.

लिहायचं निमित्त मात्र वेगळं. दुसऱ्या सत्रातला पहिला निबंध तपासून परत आला आणि पानापानावर एकच शेरा: 'आर्ट'. म्हणजे आर्टिकल ('अ', 'अ‍ॅन', 'द') चुकलं. कुठे हवं होतं, कुठे नको होतं, काही लिहिलेलं नाही.

हे किती अडतं ते एका वाक्यात दाखवता येईल. 'गव्हर्नमेंट शुड रिड्यूस द पोल्युशन इन सिटी.' सात शब्द, तीन खुणा, तिन्ही सारख्या. पण दुखणी तीन वेगवेगळी आहेत. गव्हर्नमेंटच्या आधी 'द' राहिलाय. पोल्युशनच्या आधी तो उगाच आलाय. आणि सिटीला 'द' किंवा 'अ' चिकटवून भागत नाही, तिथे अनेकवचनच हवं: सिटीज. एकच खूण पाहून मूल काय करतं? जिथे खूण दिसेल तिथे 'द' टाकतं. पुढच्या मसुद्यात एक चूक सुटते आणि दोन नव्या येतात.

मराठीत आर्टिकल नाहीत म्हणून आपलं असं होतं, हे वर्गात पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. 'आम्ही मुलगा शोधतोय' म्हटलं की घरात लग्नाची मुलगी आहे. 'आम्ही मुलाला शोधतोय' म्हटलं की मूल हरवलंय. पहिल्यात 'अ', दुसऱ्यात 'द', आणि हा फरक आपल्याकडे एकटा 'ला' दाखवतो. म्हणजे जाण आपल्याला आहे, ती इंग्रजीत कुठे बसवायची ते कोणी शिकवत नाही. निर्जीव नामांपाशी हा 'ला' फारसा कामाचा नाही, तिथे प्रत्येक नामापुढे 'कोणतं?' असा प्रश्न विचारायचा. वाचकाला उत्तर आधीच माहीत असेल तर 'द'. माहीत नसेल आणि वस्तू एकच, मोजता येणारी असेल तर 'अ'. 'कोणतं असं नाही, सगळंच' हे उत्तर आलं तर काहीच नको, मात्र मोजता येणारं नाम मग अनेकवचनात न्यायचं. वरच्या वाक्यावर लावून बघा. कोणतं सरकार? त्या देशाचं, एकच आहे. कोणतं प्रदूषण? सगळंच. कोणतं शहर? सगळीच शहरं. तिन्ही चुका निघाल्या.

एक फास उरतो. रिसर्च, एव्हिडन्स, इन्फर्मेशन, अ‍ॅडव्हाइस, इक्विपमेंट ही इंग्रजीत न मोजता येणारी नामं आहेत. आपण पुरावे मोजतो, सल्ले मोजतो, उपकरणं तर मोजतोच, त्यामुळे हातातून 'एव्हिडन्सेस' आणि 'अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस' सहज उतरतं. ही पाच नामं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. त्याखाली ही जोडी लिहा: 'द नंबर ऑफ स्टुडंट्स हॅज' आणि 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स हॅव'. आर्टिकल बदललं की अर्थ बदलतो आणि क्रियापदही.

आता मत बदलल्याची नोंद. पहिल्या सत्रात माझी तक्रार अशी होती की शिक्षक चुका दुरुस्त करून का देत नाहीत. भेटीच्या पत्रकावर ठळक लिहिलेलं असतं की इथे प्रूफरीडिंग होणार नाही. हा वाद भाषाशिक्षणाच्या अभ्यासकांत जुना आहे. १९९६ मध्ये जॉन ट्रस्कॉट यांनी व्याकरणाच्या दुरुस्त्या निरुपयोगी, उलट अपायकारकच आहेत असं मांडलं. १९९९ मध्ये डेना फेरिस यांनी त्यांना उत्तर दिलं आणि नियमाने सुटणाऱ्या चुका वेगळ्या काढल्या. आर्टिकल त्यांनी त्या सुटणाऱ्यांत धरलं. दोन सत्रांनंतर मलाही हेच दिसतंय: दुरुस्त करून दिलेलं वाक्य त्याच निबंधापुरतं राहतं, स्वतः शोधलेलं पुढच्या निबंधात उतरतं. तेव्हा शिक्षकांनी दुरुस्त करू नये, हे आता मान्य. पण खूण तरी तीन प्रकारची द्या. राहिलं असेल तर अधिक, जास्त असेल तर वजा, वचन चुकलं असेल तर 'व'. तपासणाऱ्याची फार तर दोन मिनिटं जास्त जातील.

बाकीचं थोडक्यात. शब्दसंग्रहासाठी अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची यादी देतात, ५७० शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं मिळून एक कुळ), दहा भागांत. अभ्यासाच्या पुस्तकांतले साधारण दहा टक्के शब्द त्यात येतात. पहिले दोन भाग नीट करा, पुढचे तुमच्या विषयाच्या वाचनात भेटत जातील. मँचेस्टर विद्यापीठाचा 'अकॅडेमिक फ्रेजबँक', म्हणजे निबंधात वापरायच्या तयार वाक्यरचनांचा संग्रह, फुकट आहे आणि चांगला आहे. फक्त त्यातली वाक्यं एकाखाली एक रचली की परिच्छेदात तुमचं म्हणणं शिल्लक राहत नाही. परिच्छेदाला एक पुरे. लेक्चर ऐकून टिपणं काढायचे तास सर्वांत कच्चे: ध्वनिफिती संथ आणि स्वच्छ, खरी लेक्चर्स तशी नसतात.

वर्गात जिचं नावही निघालं नाही अशी एक गोष्ट म्हणजे 'बॉ' कॉर्पस, म्हणजे शोधता येईल असा लिखाणाचा साठा. वॉरिक, रेडिंग आणि ऑक्सफर्ड ब्रुक्स इथल्या विद्यार्थ्यांचं चांगल्या गुणांचं लिखाण, सुमारे ६५ लाख शब्द. स्केच इंजिन या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतो. 'इन सोसायटी' की 'इन द सोसायटी' असा पेच पडला की दोन्ही टाकून किती वेळा येतं ते पाहा आणि समोर आलेली पाच-सहा वाक्यं वाचा. नियम पाठ करण्यापेक्षा हे लवकर अंगवळणी पडतं.

भेटीला जाताना अख्खा निबंध नेऊ नका. पाचशे शब्द, दोन ओळींत मोकळी जागा सोडून छापलेले, सोबत प्राध्यापकांनी दिलेला प्रश्न जसाच्या तसा. 'इंग्रजी बघा' असं म्हटलं तर वरवरचं बोलणं होतं. 'या परिच्छेदातली सहा आर्टिकलं मी अशी ठरवली, कोणती चुकली?' असं विचारलं की अर्धा तास पुरत नाही. आणि वेळ सत्राच्या पहिल्या आठवड्यातच घेऊन ठेवा. निबंधांच्या तारखा जवळ आल्या की एकही जागा मिळत नाही.

पाचपैकी चार तारे. खूण बदलली तर पाच.