दापोलीला ॲग्रीला येताय? मग काकूंच्या मेसबद्दल थोडं

सध्या ॲडमिशनचे राउंड चालू आहेत आणि दर दोन दिवसांनी कुणाचा तरी मेसेज येतो, दादा दापोली लागलंय, कॉलेजचं कळलं पण जेवायचं काय? म्हणून एकदाच काय ते सविस्तर लिहून टाकतो, पुढच्या वेळी लिंक दिली की मी मोकळा. मी बार्शीकडचा, बीएस्सी ॲग्रीची चार वर्षं कोकण कृषी विद्यापीठात काढली, त्यातली साडेतीन वर्षं एकाच मेसला जेवलो. मेसला नाव नाही, बोर्डच नाही मुळात. गेटातून बाहेर पडून चालत दहाएक मिनिटं, पत्र्याची पडवी, चार लांब बाकडी, मागे चूल आणि गॅस दोन्ही. सगळे काकूंची मेस म्हणतात, आता काकू म्हणणारे दापोलीत दहा ठिकाणी असतील पण सिनिअरला विचारा, बरोबर आणून सोडेल.

आधी पैशाचं. मी सोडलं तेव्हा दोन वेळचे महिन्याला ३२०० होते, एक वेळचे १९००, पाहुणा आणला तर ताटाचे ८०. मासा तळलेला हवा असेल तर वेगळे. जीपे चालतं पण पावसाळ्यात रेंज जाते मग उधारी वहीत, आणि वहीत एकदा गेलं की काकूंना विसरायला होत नाही हे लक्षात ठेवा.

जेवण. खरं सांगायचं तर पहिले पंधरा दिवस मी रडकुंडीला आलो होतो. घाटावरच्या माणसाला सगळ्यात नारळ म्हणजे आमटी गोड, भाजी गोड, मासाही गोडच लागतो, वर भात भात आणि भात. मी घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी खिशात पुडीत घेऊन जायचो आणि ताटाखाली लपवून खायचो, काकूंनी ते दुसऱ्याच दिवशी बघितलं होतं पण बोलल्या महिन्याभराने, "बाबू, ती चटणी जरा मला पण दे बघू, रोज एकटा खातोस तो." तिथून गाडी रुळावर आली. तांदळाची भाकरी मात्र पहिल्या दिवसापासून आवडली, उकड काढून केलेली, पातळ, तव्यावरून थेट ताटात, हाताला चटका बसतो अशी. कुळथाची पिठी आणि ती भाकरी, बाहेर पाऊस, एवढं असेल तर मी आजही दापोलीची एसटी पकडेन. सोलकढी रविवारी, ती पण वाटीभरच, दुसरी वाटी मागितली की काकू ऐकू न आल्यासारखं करतात. चपाती घेऊ नका. खरंच घेऊ नका.

मासे बुधवार शुक्रवार रविवार. हर्णैला संध्याकाळी लिलाव होतो तिथून कुणीतरी आणून देतं, त्यामुळे बांगडा ताजा असतो, काट्याची सवय मात्र आपली आपण करायची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा सुकट, जवळा, सुके बोंबील. सुकटीचा वास हॉस्टेलच्या शर्टाला आठवडाभर राहतो कारण त्या दिवसांत शर्ट धुतला तरी वाळत नाही, इथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आमच्याकडे सहाशे पडला तरी लोक पेढे वाटतील. शाकाहारी असाल तर जरा वाईट बातमी आहे. माशाच्या दिवशी शाकाहारी ताटात मसुराची आमटी आणि बटाटा, साडेतीन वर्षात यात बदल झाला नाही, आमच्या रूममधला एक लातूरचा माळकरी पोरगा तिसऱ्या सेमला कंटाळून दुसरीकडे गेला आणि मी त्याला दोष देत नाही. स्वच्छता ठीकठाक. ताटं स्वच्छ, पाण्याचे ग्लास नाहीत, आपली बाटली न्या.

आता मुख्य गोष्ट, खाड्याची वही. ज्यांनी कधी मेस लावली नाही त्यांच्यासाठी, खाडा म्हणजे ज्या दिवशी जेवायला येणार नाही तो दिवस, तेवढे पैसे पुढच्या महिन्यात वळते होतात. काकूंचा नियम असा की सलग तीन दिवस असेल तरच खाडा धरणार आणि आदल्या दिवशी संध्याकाळी आपल्या हाताने वहीत लिहायचं. दोनशे पानी वही, खांबाला सुतळीने बांधलेली, सुतळीलाच पेन. नाव, कधीपासून, कधीपर्यंत, आणि शेवटचा रकाना कारण. हा कारणाचा रकाना काकूंनी नाही काढलेला, कुणा जुन्या बॅचच्या सिनिअरने मस्करीत आखला आणि तो तसाच चालू राहिला.

मी ती वही जेवण यायची वाट बघताना वाचायचो आणि सांगतो, कॉलेजचं खरं रजिस्टर तेच आहे. "बहिणीचं लग्न" असं एकाच पोराचं वर्षात तीनदा, त्याला बहीण एकच. "परीक्षा, पुणे" म्हणजे एमपीएससीवाले, हे वाढत वाढत तिसऱ्या वर्षी अर्धं पान तेच. मार्चमध्ये सगळ्या कोकणातल्या पोरांचं एका ओळीखाली एक "पालखी", म्हणजे शिमगा, त्या दिवसांत सबमिशन असो काही असो गुहागर मंडणगडची पोरं थांबत नाहीत आणि सर लोकांनाही ते माहीत असतं. सातव्या सेमला अख्खी बॅच "रावे" लिहून गायब, रावे म्हणजे गावातला शेतीचा कार्यानुभव, गावात राहायचं, चौकात रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा, शेतकऱ्यांना बीजप्रक्रिया करून दाखवायची, आणि शेतकरी आपल्याला चहा पाजून आपल्यापेक्षा जास्त सांगतो तो भाग वेगळा. एकदा एक मुलगा आणि एक मुलगी, वर्ग एकच, तारखा त्याच, कारण दोघांचं "आजारी", अक्षर पण एकाचंच. सोमवारी दोघं जेवायला आले तर काकूंनी दोन्ही नावांना मिळून एक गोल केलेला आणि बाजूला लिहिलेलं, बरं वाटलं का.

हसायचं सोडा पण एक नोंद माझ्या डोक्यातून जात नाही. आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो, सेमचा रिझल्ट लागला, आमच्या पुढच्या बॅचच्या एकाचे तीन विषय राहिले. अभ्यास कमी नव्हता हो त्याचा. इथे एका सेमला आठ-दहा विषय असतात, प्रत्येकाचं प्रॅक्टिकल वेगळं, जर्नल वेगळं, तणं वाळवून चिकटवून हर्बेरियम करा, किडे पकडून टाचण्या टोचून बॉक्स भरा, सकाळी प्लॉटवर गुडघाभर चिखलात लावणी आणि दुपारी त्याच पायांनी स्टॅटिस्टिक्स. बारावीत गावात पहिला आलेला पोरगा इथे पहिल्या सेमला पास झाला तरी घरी फोन करून सांगतो. तर त्याने रिझल्टच्या संध्याकाळी वहीत नाव लिहिलं, कधीपासूनची तारीख घातली, कधीपर्यंत रिकामं, कारण रिकामं, आणि गेला. आम्हाला वाटलं गावी गेलाय येईल. दोन आठवडे कुणी काही विचारलं नाही, ज्याला त्याला आपलं पडलेलं. काकूंनी विचारलं. भाकऱ्या वाढता वाढता थांबल्या आणि त्याच्या रूममेटला म्हणाल्या, "त्या पोराने पर्यंत लिहिलेलं नाय. फोन लाव." आत्ता? तर हो, आत्ता, हितेच. त्याने लावला, काकू पीठ लागलेल्या हाताने बोलल्या, काय बोलल्या ते आम्हाला ऐकू आलं नाही कारण पत्र्यावर पाऊस एवढा वाजत होता. पाच-सहा दिवसांनी तो आला. काकूंनी त्याच्याकडून रिकाम्या रकान्यात तारीख लिहून घेतली आणि म्हणाल्या एकवीस दिवस, महिन्यातून कापते. पुढे त्याचे विषय निघाले का वगैरे विचाराल तर निघाले, एक राहिला होता तोही नंतर निघाला.

अभ्यासावरून आठवलं. परीक्षेच्या आधी इथे साडेदहा-अकरापर्यंत बसू देतात, आणि लाइट गेली तर काकूंकडे इन्व्हर्टरचा एक बल्ब असतो म्हणून हॉस्टेलची पोरं पण येतात. प्लांट पॅथॉलॉजीच्या प्रॅक्टिकलची आदली रात्र, आम्ही आठ-नऊजण बाकड्यावर, एकजण मोठ्याने विचारतोय बाकीचे सांगतायत. प्रश्न आला बोर्डो मिश्रण, म्हणजे फवारायचं बुरशीनाशक, एक टक्का. आमचा सांगलीचा मित्र पाठ केल्यासारखा, एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, मोरचूद पाण्यात विरघळवायचं आणि त्यात चुना टाकायचा. मागून काकू, "टाक, टाक. फुकट जाईल सगळा."

मग त्या पदराला हात पुसत आल्या आणि ताटं वाट्या घेऊन शिकवायला लागल्या. मोरचूद वेगळ्या पाण्यात, चुना वेगळ्या पाण्यात, दोन्ही नीट गाळून तिसऱ्या पिंपात एकाच वेळी ओतायचं आणि एकाने ढवळत राहायचं. पिंप प्लास्टिकचं, लोखंडाचं नको. आणि झाल्यावर विळा बुडवून बघायचा, पात्यावर तांबूस चढलं तर मोरचूद मोकळा राहिलाय, अजून चुना घाल, नाहीतर पानं भाजतील. हे सगळं आमच्या पुस्तकात होतंच, पण आम्ही एक-एक-शंभर एवढंच पाठ केलेलं. काकूंची घरामागे पोफळीची बाग आहे, पावसात सुपारीवर कोळेरोग येतो, म्हणजे फळं सडून गळतात, त्याच्यासाठी त्या दरवर्षी हे करतात, कुणी माणूस मिळाला नाही तर स्वतः ढवळतात. म्हणजे होती बाग, २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं त्यात निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या, नवीन लावलेल्या अजून सुपारी धरायच्या आहेत, म्हणूनच त्यांनी मेसची पोरं पंचवीसची चाळीस केली आणि चपात्या बिघडल्या त्या तेव्हापासून असं जुने लोक सांगतात.

दुसऱ्या दिवशी व्हायवाला बोर्डो एकालाही विचारलं नाही. मला भातावरचा करपा आला आणि बुरशीचं नाव अर्धंच आठवलं.

अजून एक, बाकड्यांचं. लांब बाकडं असल्यामुळे जागा मिळेल तिथे बसावं लागतं, त्यामुळे पहिल्या वर्षाचा पोरगा पीएचडीवाल्याच्या शेजारी बसतो आणि घाटी-कोकणी हे जे हॉस्टेलला चालतं ते इथे टिकत नाही. एप्रिलमध्ये आमरसाच्या दिवशी तर हमखास भांडण, हापूसवाले एकीकडे आणि रत्ना सिंधूवाले एकीकडे. रत्ना म्हणजे नीलम आणि हापूसचा संकर, १९८१ साली आपल्याच विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या केंद्राने काढलेला, सिंधूची कोय एवढी पातळ की नावाला, हे सगळं सांगून झाल्यावर काकूंचं मत, कागदावर चांगला आहे. आणि रस मात्र कशाचा केलाय ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. दापोलीजवळच्या मुरुडला, कर्द्याला रविवारी फिरायला जालच, महर्षी कर्वे त्या मुरुडचे, परीक्षेला बसायला साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वय लहान दिसतं म्हणून बसूच दिलं नाही, हे काकू प्रत्येक नापास पोराला सांगतात. पहिल्यांदा बरं वाटतं, चौथ्यांदा नाही.

माझी तक्रार आहे ती गणपतीची. गणपतीत मेस बंद, सात दिवस, आणि त्याचा खाडा धरत नाहीत. काकूंचं म्हणणं मी बंद ठेवली, तू गैरहजर नाय, मग खाडा कसला. यावर मी पहिल्या वर्षी बराच वाद घातला. कोकणातली पोरं आठ दिवस आधीच बॅगा भरून बसलेली, हॉस्टेल रिकामं, आम्ही घाटावरचे अकराजण ब्रेड आणि मॅगीवर, घरी जावं तर एक दिवस जाण्यात एक येण्यात. दुसऱ्या वर्षी गुहागरकडचा मित्र घरी घेऊन गेला, पाच दिवस आरत्या आणि उकडीचे मोदक, त्यानंतर मला त्या सात दिवसांचं काही वाटेनासं झालं, पण नियम चुकीचा तो चुकीचाच, तुम्ही सप्टेंबरचे पैसे देताना आधीच बोलून घ्या.

मी काय सुचवेन तर संध्याकाळची एकच वेळ लावा. दुपारी सगळ्यांना एकाच वेळी सुट्टी होते, बाकड्यावर जागा नसते, भाकरी संपून चपाती चालू होते आणि दीडच्या प्रॅक्टिकलला उशीर होतो तो होतोच. रात्री निवांत असतं. पाचपैकी साडेतीन देईन, शाकाहारी असाल तर अडीच.

शेवटच्या महिन्यात माझे चार दिवसांचे खाडे जमा होते. पैसे मागितले तर काकू म्हणाल्या पैसे कसले, चार दिवस येऊन जेवून जा कधी पण. वहीत माझ्या नावापुढे तसं लिहून ठेवलंय. मागच्या महिन्यात खेडला काम होतं तेव्हा वाकडी वाट करून दोन दिवस जेवून आलो, त्यांनी दोनावर काट मारली. दोन अजून बाकी आहेत.