मीटर पास, पुस्तिका नापास: बॅटरी-सर्किटच्या एका किटचा दीड महिन्याचा अनुभव

भाच्यासाठी घेतलं आणि शेवटी मीच जास्त वापरलं, असं हे किट. खोक्यात सुट्या सेलसाठी तीन होल्डर, दोन छोटे बल्ब, एक लाल एलईडी, पाच-सहा रेझिस्टर (करंटला आवर घालणारे छोटे भाग), एक उघडमीट करायचं स्विच, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप असलेल्या दहा वायरी, एक डिजिटल मल्टिमीटर आणि २४ पानांची पुस्तिका. सेल आपले आपण आणायचे. मी व्यवसायाने हिशेबनीस. शाळेत 'विभवांतर' (म्हणजेच व्होल्टेज) हा शब्द पाठ करून मार्क मिळवले होते, पुढे कधी गाठ पडली नाही.

तक्रारीपासून सुरुवात करते, कारण पहिले दोन दिवस तिच्यातच गेले. पुस्तिकेच्या ७व्या पानावर सर्किटच्या चित्रात बाण सेलच्या ऋण टोकापासून निघून बल्बमधून धन टोकाकडे जातात. ११व्या पानावर तेच सर्किट, पण बाण उलटे. भाचा म्हणाला, "मावशी, यातलं खरं कुठलं?" दोन्ही खरी आहेत, आणि तीच तर पंचाईत. ७व्या पानावर इलेक्ट्रॉन वाहताना दाखवलेत, ११व्यावर विद्युतधारेची (करंटची) सांकेतिक, म्हणजे सगळ्यांनी ठरवून घेतलेली, दिशा. पण कुठला बाण कशाचा, याचा एका ओळीचाही खुलासा नाही.

मी त्याला माझ्या धंद्यातलं उदाहरण दिलं. पासबुकात 'जमा' म्हणून दिसणारी रक्कम बँकेच्या वहीत देणं असते. पैसे तेच, बाजू कुणाची धरायची ते आधी ठरवून घ्यायचं आणि पुढे पानोपान तेच पाळायचं. विजेच्या बाबतीत बाजू ठरली ती इलेक्ट्रॉन सापडायच्या कितीतरी आधी. धन आणि ऋण ही नावं बेंजामिन फ्रँकलिनने १७४७ च्या सुमारास वापरली. इलेक्ट्रॉन हाती लागला १८९७ मध्ये, जे. जे. थॉमसनच्या प्रयोगांत, आणि त्याचा प्रभार (चार्ज) निघाला ऋण. मधल्या दीडशे वर्षांत सगळी सूत्रं आणि आकृत्या धनाकडून ऋणाकडे या हिशेबाने लिहून झाल्या होत्या. त्या बदलाव्या लागल्या नाहीत, कारण ऋण प्रभार डावीकडे गेला काय आणि धन प्रभार उजवीकडे आला काय, साध्या सर्किटचं उत्तर तेच येतं. एवढं अर्ध्या पानात सहज मावलं असतं. त्या जागी पुस्तिकेत चष्मा लावलेल्या बल्बचं व्यंगचित्र आहे.

पुढची चूक मात्र चूकच. १४व्या पानावर एलईडीचा लांब पाय ऋण टोकाला जोडलेला दाखवलाय. तसा जोडला तर तो पेटत नाही. एलईडी धारेला एकाच बाजूने जाऊ देतो आणि लांब पाय धन बाजूला लागतो. आम्ही एलईडी खराब समजून परत पाठवायच्या बेतात होतो. सहज उलटा लावून पाहिला तर लख्ख पेटला. रेझिस्टर मधे ठेवायला विसरू नका, नाहीतर खरंच खराब होईल.

आता मीटर. या खोक्याचा जीव तोच आहे. रूप यथातथा, बटण फिरवताना कटकट वाजतं, पण शिकवतो छान. नव्या सेलच्या धन टोकाला लाल तार, ऋण टोकाला काळी: १.५८ व्होल्ट. तारांची अदलाबदल केली: −१.५८. सेल होता तिथेच होता, बदललं ते 'कुणाच्या तुलनेत' एवढंच. विभवांतर एका जागेचं नसतं, दोन जागांमधलं असतं, हे मला त्या उणे चिन्हाने शिकवलं. एकच तार लावून वाचन घ्यायला गेलात तर मीटरकडे सांगण्यासारखं काही नसतं. आणि १.५८ व्होल्ट म्हणजे काय, तर एक कूलोम (हे प्रभार मोजायचं माप) प्रभार या टोकाकडून त्या टोकाकडे जाताना १.५८ ज्यूल ऊर्जा देतो किंवा घेतो.

दोन सेल एकापाठोपाठ जोडले, ३.१५ आले. एक उलटा फिरवला, जवळजवळ शून्य. मग भाच्याने मला न सांगता तीन सेल लावून मधला उलटा ठेवला आणि "ओळख किती येईल" म्हणून विचारलं. मी ४.७ म्हटलं, आले १.५७. घरचा टॉर्च तीन सेल घालूनही मंद जळत असेल तर आधी हे बघावं.

पण माझी झोप उडवली ती स्विचने. दोन सेल, एक बल्ब, एक स्विच. स्विच उघडं, म्हणजे बल्ब बंद असताना बल्बच्या दोन टोकांमध्ये शून्य, आणि स्विचच्या दोन टोकांमध्ये अख्खे ३.१५ व्होल्ट! जिथून काहीच वाहत नाही तिथे सगळं विभवांतर. स्विच मिटलं की उलट: स्विचवर शून्य, बल्बवर २.८६. मी इतकी वर्षं करंट आणि व्होल्टेज हे एकाच गोष्टीचे दोन शब्द समजत होते. पुस्तिकेत हा प्रयोगच नाही, आम्ही चाळा करताना सापडला.

आणि ३.१५ चे २.८६ का झाले? हिशेब लागला नाही की मला स्वस्थ बसवत नाही. बल्ब चालू ठेवूनच सेलच्या टोकांवर मोजलं, तिथेही जवळपास तेवढेच. म्हणजे फरक सेलच्या आतच खर्च होतो, त्याच्या स्वतःच्या रोधावर, म्हणजे धारेला होणाऱ्या अडथळ्यावर. बल्ब ०.२४ अँपिअर खेचत होता. ०.२९ व्होल्टला ०.२४ ने भागलं की दोन सेलचा मिळून सुमारे १.२ ओहम रोध येतो. म्हणूनच रिमोटमधून काढलेला एक जुना सेल नुसता मोजला तर १.३८ दाखवत होता आणि बल्ब लावताच ०.८ वर बसला. सेल तपासायचा तर काहीतरी पेटतं ठेवून तपासा.

पुस्तिकेत पाण्याच्या टाकीची उपमा आहे. उंच टाकी म्हणजे जास्त व्होल्टेज, इथपर्यंत ठीक. भाच्याने विचारलं, "मग वायर कापली तर करंट सांडत का नाही?" टाकीवाल्यांकडे उत्तर नाही. मी सायकल उलटी करून पेडल फिरवून दाखवलं. साखळी आधीपासूनच गोल भरलेली असते, पेडल फिरलं की मागचं चाक लगेच फिरतं, साखळीची एक कडी मात्र हळूच पुढे सरकते. तारेतले इलेक्ट्रॉनही असेच, सेकंदाला मिलिमीटरचा जेमतेम काही भाग सरकणारे, तरी बल्ब झटकन लागतो. आणि साखळी पुढच्या दात्यांवरूनही फिरते तशी धारा सेलच्या आतूनही जाते, तिथे ऋणाकडून धनाकडे, रासायनिक क्रियेच्या जोरावर. हा आतला अर्धा फेरा पुस्तिकेतल्या एकाही चित्रात नाही, बाण सेलच्या दाराशी येऊन थांबतात.

एक नुकसान माझ्या हातून झालं. धारा मोजायला लाल तार मिलिअँपिअरच्या भोकात घातली होती, ती तशीच ठेवून व्होल्टेज मोजायला सेलवर टेकवली. धारा मोजताना मीटर सर्किटमध्ये ओवायचा असतो आणि त्याचा रोध अगदी कमी ठेवलेला असतो, त्यामुळे सेलच्या दोन टोकांना तो म्हणजे जवळपास नुसती वायर. आतला फ्यूज गेला. त्याबद्दलची सूचना २१व्या पानावर, बारीक अक्षरांत. जादा फ्यूज खोक्यात नाही. फ्यूज बदलायला मागचे दोन स्क्रू काढावे लागतात, तेवढं सोपं आहे.

बाकी किरकोळ: दहातल्या दोन वायरी क्लिपपाशीच तुटक्या निघाल्या, होल्डरच्या स्प्रिंगा घट्ट आहेत, रेझिस्टरच्या रंगपट्ट्यांचा तक्ता व्यवस्थित. पाचपैकी साडेतीन तारे, ते सगळे मीटर आणि सेल-बल्बच्या सामानाला. मुलांना पुस्तिका देण्याआधी मोठ्यांनी ती वाचून काढावी. आमच्या प्रतीत भाच्याने ७व्या पानावर निळ्या पेनाने 'इलेक्ट्रॉन', ११व्यावर लाल पेनाने 'सांकेतिक' लिहिलंय आणि १४व्या पानावरच्या एलईडीवर फुली मारलीय.