उडते स्पीकर आणि दरबारीचा गंधार

ठाण्यात गेली 19 वर्षं मी पियानो शिकवते. हल्ली पालक दुकानात जाण्याआधी मोबाइलवर फोटो घेऊन माझ्याकडे येतात. "ताई, हा कसा आहे? भविष्यातला पियानो म्हणे." फोटोत काचेसारखं काहीतरी चमकत असतं, पाय वळणदार असतात, बटणं कुठे दिसतच नाहीत. मुलांचे डोळेही चमकत असतात, म्हणून झटकन नाही म्हणवत नाही. त्यांच्याशी या वस्तूंबद्दल जे बोलते, तेच इथे नीट लिहून काढते आहे.

सगळ्यात जास्त वेळा समोर येतो तो रोलँडचा पियानो. रोलँड ही इलेक्ट्रॉनिक वाद्यं बनवणारी जपानी कंपनी, 1972 सालची. पन्नाशीनिमित्त त्यांनी एक संकल्पना-पियानो, म्हणजे कल्पना दाखवण्यापुरता नमुना, बनवला आणि 2023 च्या जानेवारीत लास व्हेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या प्रदर्शनात मांडला. कारिमोकू या जपानी फर्निचर कंपनीने केलेला गोलसर लाकडी देह, चहूकडे तोंड करून बसवलेले 14 स्पीकर आणि वर हवेत तरंगणारे, स्पीकर लावलेले ड्रोन. यामागचा विचार मला मनापासून पटतो. खऱ्या ग्रँड पियानोचा, म्हणजे आडव्या तारांच्या मोठ्या पियानोचा, आवाज वरून, खालून, लाकडातून, जमिनीतून येतो आणि वाजवणारा त्या आवाजाच्या आत बसलेला असतो. साध्या डिजिटल पियानोत तोच आवाज दोन स्पीकरच्या तोंडातून येतो. हे अंतर मिटवायला 14 स्पीकर लावणं हे खरं काम आहे, आणि ते कधीतरी घराघरात यावं असं मला वाटतं. ड्रोनचं मात्र जमत नाही. माझ्या क्लासमध्ये शेवटचा सूर विरताना ऐकायचा असेल, तर मी आधी छताचा पंखा बंद करायला लावते. पेडल दाबून धरायचं, बोट पट्टीवर तसंच ठेवायचं आणि सूर कुठे संपतो ते कान देऊन ऐकायचं. तिथे डोक्यावर चार पाती फिरत असतील तर हा धडा होणारच नाही.

रोलँडचाच दुसरा, 'फॅसेट'. एका डिझाइन स्पर्धेतून पुढे आलेला, 2020 साली दाखवलेला, हिऱ्याला पैलू पाडावेत तसा कोनाकोनांचा. दिसायला देखणा. पण ओळीने मांडलेल्या 88 काळ्या-पांढऱ्या पट्ट्या त्याच, माझ्या क्लासमधल्या जुन्या पियानोच्या मापाच्या.

याचं कारण मुलांना सांगायला मला यांको आठवतो. पॉल फॉन यांको या हंगेरियन माणसाने 1882 मध्ये सहा रांगांचा कीबोर्ड काढला. लहान हाताला मोठे स्वरबंध (कॉर्ड) पकडता यावेत, आणि कुठल्याही सुरापासून सुरुवात केली तरी बोटांची ठेवण तीच राहावी, अशी त्याची रचना. अक्कल लावून केलेली वस्तू. पण चालली नाही, कारण त्यासाठी शिकवणाऱ्यांपासून सगळ्यांनाच बोटं नव्याने घडवावी लागली असती. पियानोवाल्याचं सगळं शिक्षण त्या पट्ट्यांच्या मापात साठलेलं असतं. डिझाइनर भोवतालचं हवं तेवढं बदलू शकतो, पट्टीला हात लावताना मात्र त्याला हजार वेळा विचार करावा लागतो.

तरीही पट्टी बदलते, कळत न कळत. हे मला माझ्या एका नऊ वर्षांच्या विद्यार्थिनीने दाखवलं. तिच्या घरी नवा, अगदी सडपातळ पियानो आला होता. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार एका कंपनीची नाही, या पद्धतीच्या आखणीची आहे. ती म्हणाली, "ताई, ही पट्टी पुढे हलकी लागते, आत जड." मी बसून पाहिलं. बी मेजरसारख्या स्केलमध्ये काळ्या पट्ट्या जास्त, त्यामुळे अंगठा आत सरकतो आणि पांढरी पट्टी तिच्या मुळाशी दाबावी लागते. तिथे सूर एकतर उमटत नव्हता, नाहीतर धाडकन वाजत होता. दाराला बिजागरीजवळ ढकलून पाहा, तसं. ग्रँडची पट्टी आपल्याला दिसते त्याहून कितीतरी लांब असते, तिचा टेकू खूप मागे असतो. पियानो सडपातळ करायचा म्हणून तो टेकू पुढे आणला, की आतला भाग जड होतोच. ही मुलगी महिनाभर घरी रडली होती, आपलंच चुकतंय असं समजून. हे मला फार लागलं.

तशाच एका पियानोवर भावगीतांच्या कार्यक्रमात साथ करताना दुसरा अनुभव आला. बटणं नाहीत, काळ्या गुळगुळीत पृष्ठभागावर फक्त उजळणारी अक्षरं. सुरुवातीला छान दिसतात. दुसऱ्या अंतऱ्याला वहीचं पान उलटताना मनगट त्या पृष्ठभागाला लागलं आणि पियानोचे एकदम व्हायोलिन झाले. गायिका दचकली. अंधारात बोटाने चाचपडून परत यावं म्हटलं, तर चाचपडायला काही उंचसखल नाहीच. वाजवणाऱ्याचे डोळे गाणाऱ्याकडे असतात, म्हणून बटण बोटाला कळलं पाहिजे. एवढी एक गोष्ट डिझाइनरांनी ऐकावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

याच्या अगदी उलट्या वाटेने गेलेला पियानो म्हणजे यामाहाचा अवांतग्रँड, 2009 सालचा. बाहेरून काही नवं नाही, पण आत तारा नाहीत, आणि पट्ट्यांमागची यंत्रणा मात्र खऱ्या ग्रँडची. तारांचा कंप बोटांपर्यंत पोहोचावा म्हणून पट्ट्या थरथरवण्याचीही सोय. फोटोत तो कुणाच्या लक्षात येत नाही. मला विचाराल तर भविष्य तिथे जास्त आहे. किंमत मात्र चाळीतल्या किंवा दोन खोल्यांच्या घराला परवडणारी नाही, हेही खरं.

आणि एक वाद्य असं आहे, ज्याने पट्टीच बदलली आणि तरी मी त्याच्या बाजूने आहे. लंडनच्या रोली या कंपनीचा सीबोर्ड. 2013 मध्ये पहिला आला, राइझ 2 हे रूप 2022 चं. पट्ट्यांच्या जागी मऊ सिलिकॉनच्या सलग लाटा. दाबलं, सरकवलं, हलवलं, उचललं, प्रत्येकाचा आवाज वेगळा. पियानो शिकणाऱ्या मुलाने हा घेऊ नये, बोटांना लागणारा प्रतिकार इथे मिळायचा नाही. शिवाय आवाजासाठी संगणक जोडावा लागतो.

पण एका मित्राच्या घरी मी त्यावर अर्धा तास बसले. आधी सवयीने भराभर वाजवायला गेले आणि बोटं अडखळली. मित्राचे वडील किराणा घराण्याचं गाणं शिकलेले, ते शेजारी बसले होते. आकाशवाणीने 1940 ते 1971 हार्मोनियमला बंदी घातली होती, ती सूर ठोकळ्यासारखे सुटे पडतात, एका सुरावरून दुसऱ्यावर सलग सरकणारी मींड निघत नाही, म्हणून. काकांनी तेच मनात धरून विचारलं, "यातून दरबारीचा गंधार निघेल?" दरबारी रागातला कोमल गंधार स्थिर नसतो, तो खाली झुकून हळूहळू झोके घेतो. पेटीवर आणि पियानोवर तो मी आजवर फक्त सुचवत आले. काकांनी गाऊन दाखवला. मी एक बोट लाटेवर ठेवलं, किंचित डावीकडे कलवलं आणि अगदी सावकाश हलवायला लागले. गंधार हलला. काका डोळे मिटून म्हणाले, "अजून थोडा खाली." मी बोट केसभर सरकवलं.