प्रागमध्ये रस्त्यावर पैसे बदलले आणि फसलो

मे महिन्यात आम्ही मुलाकडे ड्रेस्डेनला होतो. तिथून प्राग रेल्वेने अडीच तासांवर. म्हणून एक दिवस मी आणि हे, दोघंच सकाळच्या गाडीने निघालो. शहर पायीच बघायचं ठरवलं होतं, आणि जुनं प्राग आहेच तसं. स्टेशनातून निघालं की वेन्सेस्लास चौक, पुढे १४१० सालचं खगोलीय घड्याळ, मग चार्ल्स पूल आणि पलीकडे टेकडीवरचा किल्ला.

चेक प्रजासत्ताक युरोपियन युनियनमध्ये असलं तरी तिथलं चलन कोरुना. आमच्याकडे होते सगळे युरो. एका युरोला साधारण २५ कोरुना मिळायला हवेत आणि पैसे बदलण्याच्या दुकानांपासून जपा, असं मुलाने बजावलं होतं. चौकातल्या एका दुकानावर 'शून्य टक्के कमिशन' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. दर विचारला तर १८! आम्ही लगेच मागे फिरलो.

दारातच एक नीटनेटका, पन्नाशीचा माणूस उभा होता. "इथे नका बदलू, हे लोक लुटतात," तो इंग्रजीत म्हणाला. नुकतंच आम्ही तेच पाहिलं होतं, त्यामुळे त्याच्यावर विश्वास बसला. त्याने मोबाइलवर त्या दिवसाचा दर दाखवला आणि २४ ने देतो म्हणाला. ह्यांनी २०० युरो दिले. त्याने आमच्यासमोर ४,८०० मोजले: वर पाचशेची एक, शंभराच्या तीन, खाली हजाराच्या चार. वरच्या नोटा मी नीट पाहिल्या, खालच्यांवरचा फक्त आकडा पाहिला. सगळं दोन मिनिटांत आटोपलं.

दुपारी पूल ओलांडून एका छोट्या बेकरीत गेलो. हजाराची नोट पुढे केली, तर काउंटरवरच्या मुलीने ती उजेडात धरली आणि हळूच परत सरकवली. "ही आमची नाही. बेलारूसची आहे, जुनी." नोटेवर रशियन वळणाची अक्षरं आणि एका इमारतीचं चित्र. बाकीच्या तिन्ही तशाच. २०१६ साली बेलारूसने आपल्या चलनातली चार शून्यं काढली आणि त्या जुन्या नोटा व्यवहारातून गेल्या. म्हणजे आमच्या हातात उरले खरे ८०० कोरुना. दीडशेहून जास्त युरो गेले. हे पुलाच्या कठड्याजवळ बराच वेळ नुसते उभे राहिले. किल्ला बघायची इच्छाच उरली नाही.

पोलीस ठाण्यात तक्रार लिहून घेतली, दोन नोटा पुरावा म्हणून ठेवून घेतल्या. वागणूक चांगली होती, पण नाव नाही, पावती नाही, त्या माणसाला शोधणार कसं? तिथेच कळलं ते मला फार लागलं. १ एप्रिल २०१९ पासून तिथला कायदा असा आहे की दुकानात पैसे बदलले आणि दर पटला नाही, तर तीन तासांच्या आत पावतीसह परत जाऊन १,००० युरोपर्यंतचा व्यवहार रद्द करता येतो. म्हणजे त्या १८ दराच्या दुकानात बदलले असते, तरी पैसे परत मिळाले असते. रस्त्यावरच्या माणसाला यातलं काहीच लागू नाही.

तेव्हा कृपा करून रस्त्यावर एक युरोही बदलू नका, समोरचा माणूस कितीही सज्जन दिसो. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं, ट्रामचं तिकीटसुद्धा आतल्या यंत्रावर कार्डाने निघतं. रोख हवीच असेल तर बँकेच्या एटीएममधून काढा, आणि 'तुमच्या चलनात रक्कम कापू का' असं यंत्राने विचारलं तर नाही म्हणा, कोरुनाच निवडा. नोट हातात आली की चेहरा शोधा. चेक नोटेच्या दर्शनी बाजूला माणसाचा चेहरा असतोच: शंभरावर राजा चौथा चार्ल्स, पाचशेवर लेखिका बोझेना न्येम्त्सोवा, हजारावर इतिहासकार पालात्स्की.

उरलेल्या दोन बेलारूसच्या नोटा मी कपाटात ठेवल्या आहेत. ओळखीतलं कोणी प्रागला निघालं की आधी त्यातली एक त्यांच्या हातात देते आणि उलटसुलट करून नीट बघायला लावते.