आरव्ही डीलरचा अनुभव: सेल्सला २ स्टार, वर्कशॉपमधल्या काकांना ५

आधीच सांगते, डीलरचं नाव टाकत नाहीये. पेनसिल्व्हेनियातला आहे, आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनपासून सव्वादोन तास. एवढ्या लांब का गेलो तर तिथे आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, २,००० डॉलर स्वस्त मिळत होती म्हणून. ह्या २,००० चं पुढे काय झालं ते येईलच.

सुरुवात हर्शीच्या आरव्ही शोपासून झाली, दर सप्टेंबरला असतो तो. मैदानभर गाड्या, प्रत्येकीत चढायचं, बेडवर बसून बघायचं, बाथरूममध्ये उभं राहून नवऱ्याचं डोकं लागतंय का बघायचं, तिसऱ्या तासाला सगळ्या सारख्याच दिसायला लागतात. तिथे सही करायची नाही असं ठरवून गेलो होतो आणि केली नाही, एवढं एक शहाणपण. मोटरहोम, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेली आरव्ही, बजेटच्या बाहेर, म्हणून ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे आपल्या गाडीमागे ओढून न्यायचा तो.

मार्चमध्ये ह्या डीलरकडे गेलो. सेल्सवाला मुलगा इतका गोड की आई म्हणाली ह्याला जेवायला बोलवा. पहिलाच ट्रेलर दाखवला ४,६०० पौंडांचा, म्हणे तुमची एसयूव्ही ५,००० ओढते, आरामात जाईल. आता ते ४,६०० म्हणजे ड्राय वेट, रिकाम्या घराचं वजन. चाळीस गॅलन पाणी भरलं की तेच ३३० पौंड, वर गॅसच्या टाक्या, बॅटरी, कपडे, भांडी, आणि आमच्याकडे कुकर आणि पोळपाट पण येणार. बाहेरच्या स्टिकरवर जास्तीत जास्त वजन लिहिलेलं असतं ते होतं ६,२००. नवऱ्याने ते दाखवल्यावर पोरगा म्हणतो "ओह, लोक नेतात तसंच." नेत असतील बाबा, आम्हाला पोकोनोजचा घाट उतरायचाय! शेवटी लहान घेतला, भरून ४,८०० च्या आत राहणारा. गाडीच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीतला स्टिकर पण वाचून जा, कारण ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडीमागच्या जोडणीवर, येतो, आणि तो, आतली माणसं आणि सामान सगळं त्या स्टिकरवरच्या वजनाच्या आकड्यात बसलं पाहिजे.

किंमत. स्टिकर २९,९०० चं, आम्हाला २१,९००. खूप सूट वाटते ना, पण ह्या धंद्यात स्टिकरच्या किमतीला कोणी घेतच नाही. मग कागद आला त्यावर प्रेप फी (ट्रेलर तपासून तयार करून द्यायची), फ्रेट (कारखान्यातून आणायचं भाडं), डॉक्युमेंट फी, आणि न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के टॅक्स. टॅक्स ठीक आहे, तो भरायचाच, पण फ्रेट किमतीत धरलंय असं तोंडी सांगितलेलं. भांडून काढायला लावलं, अर्धा तास गेला. त्यानंतर फायनान्सच्या खोलीत. तिथला माणूस एकूण किती पडेल हे बोलतच नाही, फक्त हप्ता. २०,००० चं लोन, ८ टक्के, १५ वर्षं, महिना १९१ डॉलर, "रोजच्या दोन कॉफी". मी फोनवर १८० ने गुणलं तर ३४,००० च्या वर. एक्स्टेंडेड वॉरंटीला तीनदा नाही म्हटलं. त्यांचं लोन पण घेतलं नाही, आमच्या क्रेडिट युनियनमधून (पतपेढीसारखी असते ती) कमी वर्षांचं घेतलं.

आता मे महिना, ताबा घ्यायचा दिवस, आणि खरी चूक इथे झाली. ह्यातल्या बहुतेक गाड्या इंडियानातल्या एल्कहार्ट भागात बनतात, तिथून इथपर्यंत पाचशे मैलांच्या वर खडखडत ओढत आणतात, मग स्क्रू ढिले होणार, सांधे हलणार हे उघड आहे, आणि ते बघायलाच डीलर प्रेप फी घेतो. आम्हाला वॉकथ्रू, म्हणजे सगळं फिरून दाखवणं, दिला वीस मिनिटांचा. पाणी जोडलेलंच नव्हतं! आमची आई बाजारात भेंडीचं टोक मोडल्याशिवाय पिशवीत टाकत नाही, तिने प्रत्येक खण उघडला, गॅस पेटवून दाखवायला लावला, आणि खिडकीखालची भिंत अंगठ्याने दाबून म्हणाली "हे मऊ का लागतंय गं?" मी म्हटलं आई, प्लायवूड असतं ते. सही केली आणि निघालो.

जूनमध्ये पहिल्याच पावसात त्याच खिडकीतून पाणी. आई काही बोलली नाही, नुसतं बघितलं माझ्याकडे.

घराजवळचा डीलर म्हणाला आमच्याकडून घेतला नाहीत, वॉरंटीचं काम करत नाही. म्हणजे परत सव्वादोन तास ओढत न्या. वॉरंटी एक वर्षाची, पण फ्रिजची कंपनी वेगळी, एसीची वेगळी, अॅक्सलची वेगळी, जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. न्यू जर्सीच्या लेमन लॉमध्ये (सदोष गाडी गळ्यात पडली तर ग्राहकाला वाचवणारा कायदा) तर मोटरहोमचा राहायचा भाग धरतच नाहीत, मग आमच्या ट्रेलरचं काय घेऊन बसलात. सात आठवडे त्यांच्या यार्डात पडून. फोन केला की "पार्टची वाट बघतोय", सेल्सवाला गोड मुलगा तर फोनच उचलेना. उन्हाळा गेला, आई नाशिकला परत गेली, फेऱ्यांचं पेट्रोल, रजा आणि रद्द केलेलं कॅम्पग्राउंड धरलं तर ते २,००० कधीच संपले.

फक्त वर्कशॉपमधले एक म्हातारे काका, त्यांच्यासाठी हे लिहितेय. त्यांनी खिडकी पूर्ण काढली, आतलं ओलं लाकूड बदललं, मला बोलावून फोटो दाखवले, आणि स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत ब्लॅक टँक, म्हणजे संडासाची टाकी, कसा रिकामा करायचा, छताचे सील वर्षातून दोनदा कसे तपासायचे हे शिकवलं. म्हणाले सही करण्याआधी पाणी, वीज, गॅस तिन्ही चालू करून दोन-तीन तास आत बसायचं, नाहीतर स्वतंत्र इन्स्पेक्टर आणायचा, डीलर नाही म्हणाला तर घ्यायचीच नाही. हे मार्चमध्ये भेटले असते तर!

आता गळत नाही. ऑक्टोबरमध्ये शेनंडोआला जाऊन आलो, मस्त झालं. खिडकीचा पडदा मात्र अजून आलेला नाही, मागच्या आठवड्यात फोन केला तर म्हणे बॅकऑर्डर, सध्या आईची जुनी ओढणी टाचून ठेवलीये.