पित्तनळीतला खडा आणि थकलेलं शरीर: ईआरसीपी, स्टेंट की आणखी काही?

वय ८५, हृदय अशक्त, रक्त पातळ करणारी गोळी चालू, आणि तपासणीत पित्तनळीत खडा. ‘खडा कसा काढणार’ याच्या आधी ‘किती वेळा टेबलावर घ्यावं लागेल’ हे डॉक्टरांना विचारा. माझ्या मते निवड तिथेच ठरते.

थंडी-ताप आणि कावीळ असेल तर फार चर्चेला वेळ नसतो. (वृद्धांत कधीकधी नुसतं असंबद्ध बोलणं हेच जंतुसंसर्गाचं लक्षण असतं.) तुंबलेलं पित्त आधी वाहतं करायचं, खड्याचं नंतर बघायचं.

बहुतेकांना ईआरसीपी सुचवली जाते. तोंडातून दुर्बीण, नळीच्या तोंडाशी छोटा छेद, मग फुग्याने किंवा जाळीने खडा बाहेर. हा छेद १९७४ पासून रुळलेला आहे, पोटावर टाका नाही. एका खेपेत काम झालं तर याहून सोयीचं काही नाही. स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, पण तो तरुणांपेक्षा वृद्धांत कमी. भीती जास्त ती रक्तस्रावाची आणि गुंगीच्या औषधाने श्वास मंदावण्याची. खडा १५ मिलिमीटरहून मोठा असला की नळीचं तोंड मोठ्या फुग्याने रुंद करणं किंवा खडा फोडणं आलं, आणि वेळ लांबतो.

इथेच स्टेंटचा मोह होतो. खडा तसाच ठेवून पित्त वाहतं ठेवणारी ही प्लास्टिकची नळी छेदाशिवायही बसते, रक्त पातळ करणारी गोळी बहुधा थांबवावी लागत नाही, काम लवकर आटपतं. मोठा खडा तिच्या घर्षणाने कधी झिजतोही. पण तीन ते सहा महिन्यांत ती बुजू लागते, म्हणजे पुन्हा दुर्बीण. ‘कायमची बसवली’ म्हणून विसरलेल्या स्टेंटमुळेच अनेकांना पुन्हा ताप भरतो. आयुष्य थोडं उरलं असेल किंवा आज तब्येत साथ देत नसेल, तर स्टेंट बरोबर. एरवी ती तात्पुरती सोय.

जठराच्या जुन्या शस्त्रक्रियेमुळे दुर्बीण पोचत नसेल, तर त्वचेतून, यकृतामार्गे नळी घालतात. जागेपुरती भूल पुरते, पण बाहेर पिशवी लोंबते. विस्मरण असलेला रुग्ण ती ओढून काढतो.

लॅपरोस्कोपीने (पोटाला छोटी छिद्रं पाडून केलेल्या शस्त्रक्रियेने) खडा आणि पित्ताशय दोन्ही एकदमच निघतात, मात्र पूर्ण भूल लागते. ८५ व्या वर्षीही रोज फिरायला जाणाऱ्याला ती झेपू शकते, ७२ व्या वर्षी अंथरुणाला खिळलेल्याला नाही. अशा अशक्त रुग्णाचं पित्ताशय बरेचदा तसंच ठेवतात. तिथून पुन्हा त्रास होऊ शकतो, हे धरूनच.

आणि स्टेंट टाकलाच, तर बदलायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घेतल्याशिवाय घरी जाऊ नका.